त्याग म्हणे! पण घरात तो नेमका करतंय कोण?

वेताळटेकडीवाला (धागाकर्ता)

गेल्या वर्षी ५ जूनला, पर्यावरण दिनी, मी आमच्या फ्रिजवर एक कागद चिकटवला. वर मार्करने ‘घरचे नियम’, खाली सात कलमं. प्लास्टिकची पिशवी घरात येणार नाही. एसी २६ च्या खाली जाणार नाही. ओला कचरा गॅलरीतल्या डब्यात जिरवायचा. आरओतून (पाणी गाळायच्या यंत्रातून) वाया जाणारं पाणी बादलीत धरून लादीला वापरायचं. बाहेरून जेवण मागवणं बंद. चिरंजीवांच्या वाढदिवसाला फुगे आणि थर्माकोल नाही. आणि सातवं, मी आठवड्यातून तीन दिवस गाडी घरी ठेवून मेट्रोने ऑफिसला जाणार.

पावसाळा संपेपर्यंत मी हे भेटेल त्याला ऐकवत होतो. भाऊबीजेला मेहुणा आला, त्यालाही फराळाच्या बशीसमोर बसवून कागद वाचून दाखवला. आत औक्षणाचं ताट लावता लावता बायको म्हणाली, “यातलं तू काय सोडलंस, तेवढं सांग त्याला.”

मेहुणा हसला, मीही हसलो. रात्री सगळे झोपल्यावर मात्र त्या कागदापुढे जाऊन उभा राहिलो. पिशव्या: भाजी आणते ती, मातीने माखलेल्या पिशव्या धुते ती. ओला कचरा: डबा ढवळणं, चिलटं हाकलणं, गळलेलं पाणी पुसणं, तीच. आरओची बादली: कामाला येणाऱ्या मावशी उचलतात, ज्यांना डॉक्टरांनी गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय. बाहेरचं जेवण बंद म्हणजे शुक्रवारी रात्रीचा स्वयंपाक वाढला, तो काही मी करत नाही. वाढदिवसाच्या पताका जुन्या साड्यांच्या, सासूबाईंनी शिवलेल्या. एसी २६ वर ठेवणं एवढं माझ्याकडे. म्हणजे रिमोटचं बटण.

सातवं कलम निव्वळ माझं होतं, आणि सातातलं तेवढंच मोडलं. घर पुण्यात वनाजला, ऑफिस रामवाडीपाशी, मेट्रोच्या एकाच मार्गाची दोन टोकं. २०२४ च्या मार्चपासून मेट्रो थेट रामवाडीपर्यंत जाते, त्यामुळे सबब सांगायलाही जागा नाही. गणपतीपर्यंत रेटलं. मग एक दिवस पाऊस, एक दिवस लॅपटॉप जड, एक दिवस ‘आज उशीर झालाय’, आणि संपलं.

हिशेब केला तर जाऊन-येऊन २८ किलोमीटर. गर्दीत गाडी लिटरला १२ देते. पेट्रोलच्या लिटरमागे साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. वर्षाचे २२० दिवस धरले तर एक टनाच्या वर. भारतात माणशी वर्षाचं उत्सर्जन दोन टनांच्या आसपास आहे. म्हणजे घरच्या बायका पिशव्या धुवत असताना मी एकट्याने, एकट्याच्या खुर्चीसाठी, अर्ध्या माणसाएवढा धूर काढतोय.

तर प्रश्न असा आहे की तुमच्या घरी ‘पर्यावरणासाठी’ जे सोडलं गेलं, ते कोणी सोडलं आणि त्याचं काम कोणाच्या अंगावर पडलं? उपदेश नकोत, घरचं सांगा. शिव्या चालतील.

चहा कटिंग

पहिला! निवांत वाचून लिहितो.

खुर्चीतला क्रांतिकारक

धागा प्रामाणिक आहे म्हणून टोमणा जरा जपून मारतो.

चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट. पूर्ण भाराने चाललं तर तासाला अडीच हजार टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड. तुमचा तो वर्षाचा एक टन, ज्याच्यापायी भाऊबीजेला मेहुण्यासमोर पाणउतारा झाला, तो तिथल्या चिमण्या दीड-दोन सेकंदांत हवेत सोडतात. तुम्ही वर्षभर मेट्रोत लोंबकळा, तिकडे कोणी एक शिंक देईपर्यंत तुमची कमाई साफ.

आणि हे ‘तुझा वाटा तू मोज’ प्रकरण आलं कुठून ठाऊक आहे ना? ‘कार्बन फूटप्रिंट’ हा शब्द घरोघर पोचवला ब्रिटिश पेट्रोलियमच्या जाहिरातींनी. २००४ च्या सुमारास त्यांनी आपल्या वेबसाइटवर गणकयंत्रसुद्धा ठेवलं होतं, ज्याने त्याने आपापलं पाप मोजावं म्हणून. गुत्त्याच्या मालकाने गिऱ्हाइकाला ‘जरा यकृताकडे बघा हो’ सांगावं तसलाच प्रकार. कागद फाडा आणि तो वेळ आमदाराला पत्र लिहिण्यात घाला. घरातली भांडणंही कमी होतील.

इरई काठचा

क्रांतिकारक भाऊ, दीड सेकंदाचा हिशेब झक्कास. पण चिमणी चंद्रपूरची म्हणून वीजही चंद्रपूरचीच का? इथून पडघ्यापर्यंत, म्हणजे पार भिवंडीच्या अलीकडे, ७५२ किलोमीटरची एचव्हीडीसी (उच्च दाबाच्या विजेची) लाइन गेली आहे, १,५०० मेगावॉटची. कोळसा इकडचा, पाणी इरई धरणाचं, उजेड तिकडं. तुमच्या हॉलमधला एसी १८ वर घुमतो तेव्हा त्या दीड सेकंदातला तुकडा तुम्हीच मागवलेला असतो. चिमणी काही स्वतःच्या हौसेनं जळत नाही बाप्पा.

एसीचा एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचं सांगणं आहे. २०२० पासून नवीन एसी चालू केला की आपोआप २४ वर येतो तो त्यातूनच. त्यामुळं रिमोटचं बटण अगदीच फालतू समजू नका, धागाकर्ते.

आता घरचं सांगतो. मे महिन्यात आमचा पारा ४६-४७ ला टेकतो. कूलरला वाळ्याच्या ताट्या लावायच्या, सकाळी टाकी भरली की दुपारच्या जेवणापर्यंत खडखडाट. वडिलांच्या खोलीत मी दोन वर्षांमागं एसी लावून दिला. ते दुपारी ओला पंचा डोक्यावर घेऊन त्याच एसीखाली बसतात. एसी बंद. “बिल येते न.” वर्षातून दोनदा सुरू करतात, नातवंडं आली की. त्यांनी काही सोडलं असं मी म्हणणार नाही, त्यांना धरायलाच जमलं नाही. तेव्हा पुणेकरांनी खुशाल २६ वर ठेवावा, २७ वर ठेवला तर उत्तम. फक्त आमच्या म्हाताऱ्यांना ‘एसी वापरू नका’ सांगायला कोणी येऊ नये.

नाव नको

धागाकर्ते, तुमच्या ‘ही’ला माझा दंडवत.

माझी मुलगी झाली तेव्हा घरात ठरलं, डायपर नाहीत, लंगोट. ठरवलं कोणी? नवऱ्याने आणि सासऱ्यांनी. दोघांनी मिळून कुठलातरी लेख वाचला होता. जुन्या मऊ सुती साड्यांचे लंगोट, दिवसाला वीस-बावीस. जुलै महिना, मुंबईतलं दोन खोल्यांचं घर. दोरीवर वाळेनात, पंख्याखाली वाळेनात, फ्रिजच्या मागच्या जाळीवर टाकून बघितले. शेवटी इस्त्री. पहाटे चार वाजता, टाके ओले असताना, मी लंगोटांना इस्त्री करतेय. त्या इस्त्रीची वीज लेखात धरलेली नव्हती. माझी पाठ तर नव्हतीच.

तिसऱ्या आठवड्यात मी गुपचूप डायपरचं पाकीट मागवलं. सासरे म्हणाले, “पुढच्या पिढीचा विचार करायला हवा.” पुढची पिढी तेव्हा माझ्या मांडीवर शी करत होती.

माझं म्हणणं असं नाही की काही करूच नये. मी पाच वर्षं पाळीचा कप वापरतेय आणि सुखात आहे, पण ते माझं मी ठरवलं. आता पुण्यात आहे. इथे ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंनी लाल ठिपक्याची मोहीम चालवली होती. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळायचं आणि वर लाल पेनने ठिपका काढायचा, म्हणजे कचरा वेगळा करताना कोणाला ती पुडी हाताने उघडून बघावी लागत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत तर उत्पादकांनी पॅडबरोबर वेष्टनच द्यावं असं म्हटलंय. आमच्या इमारतीत साठ घरं आहेत. सकाळी खाली उतरताना मी डबे बघते. लाल ठिपका असतो चार-पाच पुड्यांवर. पेन दहा रुपयांचं आहे, काही सोडायचं नाही, काही धुवायचं नाही, तरी होत नाही. पॅड बायकांचं, पण ती पुडी उघडणारी बाईच असते हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

ऐंशीच्या घरात

आमच्या लहानपणी दादरला आरेचं दूध काचेच्या बाटलीतून यायचं. रिकामी धुऊन परत दिली तरच भरलेली मिळे. वाणी रद्दीच्या पुडीत डाळ बांधून देई, तो दोराही आम्ही रिळाला गुंडाळून ठेवत असू. फाटक्या धोतराचा पंचा, पंचाचं पायपुसणं, पायपुसण्याचा बोळा. कचरा म्हणून टाकायला हातात काही उरतच नसे. आता त्याचे वर्ग घेतात आणि फी लावतात. गंमत वाटते.

नाव नको

काका, आदराने विचारते. भांडी राखेने घासायला कोण बसायचं?

ऐंशीच्या घरात

दुधाच्या रांगेत मी. राखेला आई. हिवाळ्यात तिच्या बोटांना चिरा पडत, रात्री त्यात तेल सोडून बसायची. तुमचा मुद्दा पोचला.

चहा कटिंग

पॉपकॉर्न आणायला गेलो तर धागा कुठल्या कुठे! (कागदी पुड्यात आणले, काळजी नसावी.)

लातूरकर

धागाकर्त्यांचा आरओच्या बादलीचा मुद्दा वाचून राहवलं नाही.

२०१६ च्या एप्रिलात आमच्या गावाला रेल्वेनं पाणी आलं, मिरजेहून. पहिली गाडी १२ तारखेला, दहा वाघिणी (पाण्याच्या टाक्यांचे डबे), पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची यायला लागली. बाहेरच्यांना आठवते ती रेल्वे. आम्हाला त्याच्या आधीचा मार्च आठवतो. पाणी भरायच्या जागी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. दंगलीला तेव्हा लावायचे ते कलम १४४, पाण्याच्या टाकीपाशी.

मी तेव्हा कॉलेजात होतो. आमच्या घरात पाण्याची उतरंड होती. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं गाळून मोरीला. अंघोळ घमेल्यात बसून, ते पाणी संडासला. अंघोळ एक दिवसाआड, आईची दोन दिवसांआड. तिनं स्वतःची पाळी कधी कमी केली ते आम्हाला कळलंसुद्धा नाही. बहिणीनं बघितलं, तिनं सांगितलं.

आता पुण्यात एका सोसायटीत राहतो. लग्नाला तीन वर्षं झाली तरी मी एका बादलीत अंघोळ करतो, शॉवर अजून सुरू केलेला नाही. बायकोला वाटतं मी फार पर्यावरणवादी आहे. तसं काही नाही हो. शॉवरखाली उभं राहिलं की छातीत धडधडतं, कोणीतरी खालून ओरडेल असं वाटतं. आमच्या सोसायटीची गच्चीवरची टाकी मात्र पहाटे साडेपाचला नेमाने ओसंडते. पाइपातून ती धार खाली गाड्यांच्या पत्र्यावर पडते, त्या आवाजाने मला जाग येते. रखवालदाराला चार वेळा सांगितलं. मोटर आपोआप बंद करणारा तरंगता स्विच बसवायचा, सातशे-आठशे रुपयांचं काम. ‘मीटिंगमध्ये घेऊ’ असं उत्तर मिळालं आहे.

अवांतर: रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हाही मराठवाड्यात ऊस उभा होता. त्याबद्दल बोलायचं की नाही ते जाणकारांनी ठरवावं.

फडकरी

बोला की, भ्यायचं काय त्यात. ऊसवाला मीच आहे, सांगलीकडचा, चार एकर.

पाणी आम्ही पितो हे खरं आहे. राज्याच्या लागवडीतली चारेक टक्के जमीन आणि सिंचनाचं निम्म्याहून जास्त पाणी, हे भाषण मी पन्नास वेळा ऐकलंय, आणि आकडा इकडं-तिकडं झाला तरी मूळ गोष्ट खोटी नाही. पण ऊस का लावतो ते कोणी विचारत नाही. उसाला एफआरपी आहे, म्हंजे सरकारनं ठरवलेला किमान दर, कारखाना उशिरा का होईना पैसे देतो. तुरीला हमीभाव कागदावर आहे, पण खरेदी केंद्रावर ट्रॉली लावून चार-चार दिवस बसायचं, आणि नंबर आला की ओलावा जास्त म्हणून परत. कांद्याचं तर बोलायलाच नको, भाव जरा चढला की निर्यात बंद. आमचा त्याग रोजच चाललेला असतो, फक्त त्याला कागद चिकटवायला आमच्याकडं फ्रिज मोकळा नाही. (हलके घ्या.)

घरचं विचारलंय म्हणून सांगतो. तीन एकराला ठिबक केलं. पाणी निम्म्यावर आलं, खतही कमी लागतं. पण ठिबकच्या नळ्या उंदरं कुरतडतात, फिल्टर दर दोन दिवसांनी धुवायला लागतो, आणि वीज येती रात्री. रात्री दोनला बॅटरी घेऊन फिल्टर धुवायला मंडळी (बायको) येत्यात माझ्याबरोबर, बॅटरी धरायला. मी एकटा गेलो तर सापाची भीती. म्हंजे तुमचंच गाणं, चाल वेगळी.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णा रानात शिरली. ऊस आठ-दहा दिवस पाण्याखाली राहिला की पोंगा (शेंड्याचा कोंब) कुजतो, वरनं हिरवा दिसला तरी आतनं गेलेला असतो. हातानं ओढला की सळ्ळकन निघून येतो आणि कुजक्या अंड्यागत वास मारतो. चार एकर असा हातानं ओढून बघितला. ‘आपण एकट्यानं काय होतंय’ असं मला कोणी म्हणालं तर मी वाद घालत नाही. मला वेळ नसतो.

बर्फातली चिंचवडकर

मी मिनेसोटात राहते. इथे ‘दोन टन’ हा आकडा वाचून गंमत वाटली, कारण अमेरिकेत माणशी आकडा चौदा टनांच्या आसपास आहे. जानेवारीत बाहेर उणे पंचवीस असतं, गॅसची भट्टी दिवसरात्र चालते. ती बंद केली तर त्याग नाही, आत्महत्या.

मी आठ वर्षांपूर्वी मांस सोडलं, गाडी विजेवरची घेतली, कपडे जुन्या बाजारातून घेते. मैत्रिणींत माझं नाव आहे. आणि दर डिसेंबरला मी विमानात बसून चिंचवडला येते, एका फेरीला दीड-दोन टन सहज. वर्षभर जे वाचवलं त्यातलं बरंचसं त्या एका तिकिटात जातं. आई ८१ वर्षांची आहे. व्हिडिओ कॉलवर तिला मी दिसते, पण ऐकू येत नाही, ती नुसती हसत राहते आणि ‘जेवलीस का’ विचारते. मला हिशेब कळतो. तरी मी येणार आहे. ती आहे तोवर दर वर्षी येणार आहे. याला काय म्हणायचं ते म्हणा, फक्त विमानाच्या बदल्यात झाडं लावायचे पैसे भरा असं सांगू नका, ते मी दोन वर्षं भरले आणि झाडं कुठे लावली विचारल्यावर मला एका पपईचा फोटो आला.

चहा कटिंग

पपई!! चहा सांडला.

फुरसुंगीकर

धागाकर्ते वनाजचे आहेत म्हणून लिहितोय, नाहीतर मी वाचनमात्र असतो.

तुमचा मेट्रोचा डेपो आहे ना, त्या जागी आधी कोथरूडचा कचरा डेपो होता. भोवती वस्ती वाढली, लोकांना वास सहन होईना, डेपो बंद झाला. कचरा काही बंद झाला नाही. पुढं सगळा भार आमच्याकडं, उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात.

क्रांतिकारकांचा हिशेब धुराला चालेल. धूर कोणाचा आणि कोणाच्या नाकात किती गेला हे धरून दाखवता येत नाही. कचऱ्याचं तसं नसतं. ओलं-सुकं एकत्र बांधलेली पिशवी कोथरूडला गाडीत पडली की ती हडपसरवरून यायची आणि आमच्या बांधापलीकडं उलटी व्हायची. ओला कचरा ढिगात दबला की काळा रस सुटतो, तो पावसाबरोबर मुरतो. आमच्या विहिरीत मी तिसरीत पोहायला शिकलो, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. सातवीत होतो तेव्हा पाण्यावर तवंग यायला लागला. रंग आधी कोऱ्या चहासारखा, मग काळा. म्हशीनं तोंड घातलं, फुर्र केलं आणि मागं सरली. तिला डेपो काय असतो ते माहीत नव्हतं. त्यानंतर आमच्याकडं टँकरचं पाणी. विहिरीवर आता जाळी टाकली आहे, पोरं पडू नयेत म्हणून.

माशांचं सांगतो. पाहुणे जेवायला बसले की एकानं ताटांवरून टॉवेल फिरवत उभं राहायचं. घरात ते काम माझं. चुलत्याच्या लग्नाची बोलणी करायला मुलीकडचे आले, बसले, पाच मिनिटांत उठले. चहा ओतला होता, कपात माशी पडली होती. चुलती पुढं भोरकडची मिळाली, पण उशिरा.

२०१७ च्या एप्रिलात डेपोला आग लागली, गावानं गाड्या अडवल्या. तीनेक आठवडे एक गाडी येऊ दिली नाही. शहरात चौकाचौकांत ढीग साचले, लोक नाकाला रुमाल लावून फिरायचे. तेव्हा माझ्या ऑफिसातला एक जण मला म्हणाला, “तुमच्या गावच्या लोकांना जरा तरी समजायला हवं, किती त्रास होतोय.” मी त्याला म्हणालो, तीन आठवडे झाले तुला. आमच्याकडं तीसच्या वर वर्षं झालीत.

आता पूर्वीसारखं उघड्यावर टाकणं थांबलंय, जुने ढीग खणून, चाळून हटवायचं काम चाललंय. चाळताना काय निघतं ते बघून या एकदा. दहा-वीस वर्षांपूर्वीची दुधाची पिशवी निघते, तिच्यावरचं नाव वाचता येतं.

म्हणून ‘गॅलरीतल्या एका डब्यानं काय होतं’ हे कोणी बोललं की माझं डोकं फिरतं. धागाकर्ते, तुमच्या बायकोनं डबा ढवळला तेवढे दिवस तेवढा रस कुठंतरी कमी मुरला. आणि त्याग-बिग शब्द तुम्ही लोकांनी आपापसांत वापरा. आम्हाला कोणी विचारलंच नव्हतं, त्यामुळं आमच्याकडं त्याला तसं नाव नाही.

टाकीतला मासा

फुरसुंगीकर, यावर काही बोलावं असं सुचत नाही. एक बारकी, कामाची गोष्ट लिहून जातो.

आरओची बादली कोणी उचलायची हा वाद घालण्यापेक्षा आरओच का आहे ते बघा. एक लिटर पाणी गाळायला तो तीन-तीन लिटर फेकतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ च्या मेमध्ये सांगितलं होतं की जिथे पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) ५०० च्या खाली आहे तिथे आरओ नको. दीड-दोनशे रुपयांत टीडीएसचं पेन मिळतं, पाण्यात बुडवलं की आकडा येतो. माझ्या सिंहगड रोडच्या घरी खडकवासल्याचं पाणी येतं, आकडा आला ८४. आरओ काढला, साधा यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारा) लावला. बादली नाही, मावशींचा गुडघा नाही, कोणाचा त्यागही नाही. टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर मात्र आधी मोजा, तिथे गणित वेगळं असतं.

खुर्चीतला क्रांतिकारक

फुरसुंगीकर, शब्द मागे घेतो. अर्धे.

अर्धे राखून ठेवतो कारण कागद, डबा, बादली या सगळ्यांत जो खरा नियम मोडतो तो मजेत सुटतो. दिवसाला १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांनी तो जागेवरच जिरवायचा असं २०१६ पासून लिहिलंय. आमची सोसायटी त्यात बसते. बिल्डरने मशीन दिलं, दाखला मिळेपर्यंत फिरवलंही. आज त्या शेडमध्ये तीन मोडक्या सायकली आणि गेल्या गणपतीचं मखर आहे. पुण्यात गांडूळखत, सौर, पर्जन्यजल असं काही केलं तर मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत असते. आमची सवलत चालू आहे. गांडुळं नाहीत.

आणि आता राहिलेलं अर्धं. मी दोन वर्षं त्या कमिटीत आहे. आमदाराला लांबलचक पत्रं लिहितो, मंत्र्यालाही एकदा लिहिलं. मशीन का बंद आहे हे मात्र मीटिंगमध्ये विचारलेलं नाही. सेक्रेटरी माझा ब्रिजचा भिडू आहे, शनिवारी त्याच्याच घरी बसतो.

नाव नको

हा धाग्यावरचा सगळ्यात खरा प्रतिसाद. मीटिंग कधी आहे?

खुर्चीतला क्रांतिकारक

येत्या रविवारी. माहीत होतं तुम्ही विचारणार.

वेताळटेकडीवाला (धागाकर्ता)

धागा वर काढतोय, दोन महिने झाले.

आरओ गेला. आमचा आकडा ९१ आला. मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, “आधी का नाही काढला?” उत्तर नव्हतं.

मेट्रो आठवड्यातून तीन दिवस, कधी चार. गाडीची चावी आता बायकोच्या पर्समध्ये असते, हा तिचाच तोडगा. लॅपटॉप जड नसतो असं लक्षात आलंय.

ओल्या कचऱ्याचा डबा मी घेतला. इथे जरा अडलोय म्हणून लिहितोय. पहिले दोन आठवडे बरे गेले. मग वास सुटला, नाकात बसणारा, अमोनियासारखा. काल झाकण उघडलं तर आत बोटाच्या पेराएवढ्या करड्या, चपट्या अळ्या वळवळत होत्या, शेकड्यांनी. मी झाकण टाकून मागे सरलो. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती, काही बोलली नाही. तिला विचारायची सोय नाही, अभिमानाचा प्रश्न आहे. फुरसुंगीकर, काय करू?

फुरसुंगीकर

करड्या, चपट्या, जाड कातडीच्या असतील तर त्या काळ्या सैनिक माशीच्या. चांगल्या असतात, कचरा भराभर खातात, चावत नाहीत. त्यांची माशी घरातल्या माशीसारखी ताटावर बसायला येत नाही. फेकू नका.

वास येतोय म्हणजे डबा फार ओला झाला. उरलेली आमटी, ताक, खरकटं ओतत असाल तर ते बंद करा आधी. निथळून टाका. जेवढं ओलं घालाल तेवढंच, किंबहुना जास्त, सुकं वर पसरा: भुसा, कोकोपीट, नारळाच्या शेंड्या पिंजून, नाहीतर सरळ वाळका पाला चुरून. दोन दिवसांनी काडीनं तळापासून वर ढवळा, हवा गेली की वास जातो. मूठभर घट्ट दाबून बघा, पाणी ठिबकलं तर अजून सुकं हवं. बोटं नुसती ओलसर झाली तर बरोबर.

वेताळटेकडीवाला (धागाकर्ता)

आमटीच ओतत होतो. कोकोपीटपेक्षा पाला बरा, आमच्या सोसायटीत वाळका पाला ढिगाने पडतो. माळी रोज सकाळी सहाला झाडून कोपऱ्यात पेटवतो. उद्या पेटवायच्या आत दोन गोणी मागून घेतो.

इरई काठचा

पेटवतो? पुण्यात? रोज?

वेताळटेकडीवाला (धागाकर्ता)

रोज. मीही आत्ता लिहिताना पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं.

चहा कटिंग

पाल्यावर वेगळा धागा काढा, हा आता दुसऱ्या पानावर गेला.